धुऱ्यातली गांडुळं

मंगरूच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली ती चार हात जमिनीपायी. त्याच्या आणि रूपरावच्या वावरामध्ये जुना धुरा, म्हणजे हद्दीचा बांध होता. रूपरावनं भर उन्हाळ्यात तो खणून काढला, मंगरूच्या वावरात चार हात आत नवा बांध घातला आणि जुन्या जागेवरून नांगर फिरवला. मंगरू आडवा आला, तर त्याच्यावर कुऱ्हाड चालवली. आणि गावाला सांगितलं, इथं धुरा कधी नव्हताच. चोर तो चोर, वर शिरजोर! ठाण्यात 'किरकोळ दुखापत' असं लिहिलं. लिहिणाऱ्याचं एक बोट तोडून विचारायला हवं होतं, किरकोळ की भारी.

मंगरूची बायको रुखमा त्या पावसाळ्यात कांताबाईंच्या हाताखाली कामाला लागली. या कांताबाई नागपूरच्या कॉलेजातल्या, गावोगावी गांडुळं मोजत फिरायच्या. गावानं त्यांना वेड्यात काढलं होतं. फूटभर लोखंडी चौकट जमिनीवर मांडायची, वाटलेल्या मोहरीचं पाणी आत ओतायचं. ते झोंबलं की गांडुळं वळवळत वर येतात, ती उचलून मोजायची. तुकडा सापडला, तर डोक्याकडचा असेल तरच धरायचा, नाहीतर एकच गांडूळ दोनदा मोजलं जातं. रुखमाला हे लवकर साधलं. आणि एक गोष्ट तिनं पाहून ठेवली. नांगरटीच्या वावरात चौकटीत तीन-चार निघत, धुऱ्यात तीसच्या वर.

पोळा झाला आणि तिनं सरपंच अण्णाजींना चार पंचांसकट वावरात बोलावलं. कांताबाईंकडून चौकट मागून आणली होती, मोहरी घरची होती. मंगरू तुटका हात धोतरात खुपसून उभा राहिला.

रूपराव कुदळ घेऊन आला, हसत. "आता गांडुयं साक्ष देतीन का?"

"देतीन," रुखमा म्हणाली. "आधी तुह्या धुऱ्यालेच इचारतो."

नव्या बांधावर तिनं पाणी ओतलं. दोन निघाली. मग चार हात मोजून ती रूपरावच्या कपाशीत शिरली, जुन्या धुऱ्याच्या जागी दोन ओळींच्या मध्ये चौकट मांडली आणि बादली रिकामी केली.

थोडा वेळ काहीच नाही. पंच एकमेकांकडे पाहू लागले. चार हात गेले तर गेले, पण नवऱ्याची बोटं फुकट गेली म्हणायची!

मग माती हलली. एक, तीन, सात. लाल, ओली, तडफडत वर येऊ लागली. रुखमा उचलून टोपलीत टाकू लागली, मोठ्यानं मोजू लागली. "सतरा. अठरा."

रूपरावच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्यानं कुदळ उचलली आणि चौकटीत घातली. पुन्हा घातली. गांडुळांचे तुकडे उडाले, कपाशीची दोन झाडं आडवी झाली.

"हातभर खोल खणलं होतं म्या!" तो बोंबलला. "ढेकूळ ढेकूळ फोडलं होतं! तरी हे कुठून आले?"

तिसरा घाव रुखमाच्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज पंचांनी ऐकला. मंगरू डाव्या हातानंच त्याच्या नरड्याला लोंबकळला, चौघांनी मिळून रूपरावला चिखलात दाबला, त्याच्या तोंडात माती गेली. ती त्याला गिळू द्यायला हवी होती.

अण्णाजी मात्र जागचे हलले नव्हते.

"का खणलं होतं रूपराव?" त्यांनी विचारलं. "तू तं म्हणत होता, अठी धुरा कधी नव्हताच."

रूपराव तोंडातली माती थुंकू लागला.

रुखमा उठलीच नाही. मोडका हात मांडीवर ठेवून ती दुसऱ्या हातानं लाल चिखल चाळत होती. तो कोणाच्या रक्तानं लाल होता ते कळत नव्हतं.

"सोड व बाई आता," अण्णाजी म्हणाले. "पाह्यलं आम्ही. सेवाग्रामले चाल, दवाखान्यात."

"थांबा अण्णाजी." तिनं एक तुकडा उचलला, जवळून पाहिला आणि फेकून दिला. दुसरा टोपलीत टाकला.

"एकतीस," ती म्हणाली. "लिहा. बिनडोक्याचे धरले नाई."