चोवीस नंबरचा चेहरा

मी दुर्बीण आहे, मित्रांनो, आणि चांगलीच जुनी. माझा जन्म जपानमधल्या एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे माझ्या काचा कितीतरी दिवस घासून गुळगुळीत केल्या गेल्या. दोन नळ्या बिजागरीवर जोडल्या गेल्या, वरून काळं कातडं चिकटवलं गेलं आणि मला भुशाने भरलेल्या खोक्यात घालून जहाजावर चढवण्यात आलं. समुद्र मी पाहिला नाही. डोळ्यांवर झाकणं होती.

झाकणं निघाली ती अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या मार्व्हिक नावाच्या गावात, एका हार्डवेअरच्या दुकानात. मासे धरायचे गळ आणि टॉर्च यांच्या मधोमध मी दोन वर्षं बसून होते. मग आर्डिस टेस्डाल नावाची एक बाई आली. तिने मला डोळ्यांना लावलं, दारातून समोरच्या चर्चच्या टोकावरचा कावळा पाहिला आणि मला घरी नेलं.

आर्डिस शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. दोनशे मुलांचं जेवण उरकलं की ती मागच्या ओढ्याकाठी जाऊन पक्षी बघायची. बोलायची कमी. पाहून झालं की जुन्या फ्लॅनेलच्या तुकड्याने माझ्या काचा हळुवार पुसायची. तिचा नवरा व्हर्लिन अगदी उलटा. तो शाळेच्या बस दुरुस्त करायचा आणि बसखाली झोपूनसुद्धा त्याचं तोंड चालूच असायचं. त्याचं वेड म्हणजे फुटबॉल, अमेरिकेतला, चेंडू हातात घेऊन पळायचा. गावात सोर्बी नावाचं छोटंसं कॉलेज होतं. शरद ऋतूतल्या प्रत्येक शनिवारी व्हर्लिन आणि आर्डिस कॉलेजच्या मैदानावर बाविसाव्या रांगेत एक घोंगडी दोघांच्या मांड्यांवर पसरून बसायचे. सोबत थर्मासमध्ये कॉफी. मी दोघांत एकच. थोडा वेळ त्याच्याकडे, थोडा वेळ तिच्याकडे.

मित्रांनो, मला जे सांगायचं आहे ते एकोणीसशे एकाहत्तर सालच्या नोव्हेंबरमधलं आहे.

त्या दिवशी सकाळपासून बर्फमिश्रित पाऊस होता. मैदानाचा चिखल झाला होता. दोन्ही संघांचे चौदा-चौदा गुण होते आणि खेळ संपायला चार सेकंद उरले होते. चेंडू पाहुण्यांकडे होता. त्यांनी लांबूनच तो लाथेने मैदानाच्या टोकाच्या दोन उंच खांबांच्या मधून मारायचं ठरवलं. तो गेला असता तर सामना त्यांचा. आमच्या बाजूचे लोक आधीच घोंगड्या गुंडाळू लागले होते. व्हर्लिनने मला आर्डिसच्या हातात दिलं आणि म्हणाला, "घे, तूच बघ. माझ्याच्याने बघवत नाही."

चेंडू भिजून जड झाला होता. तो खांबांपर्यंत पोचलाच नाही. खांबांखाली आमचा एक मुलगा उभा होता, चोवीस नंबरचा. त्याने तो झेलला. तिथेच तो खाली बसला असता तर सामना बरोबरीत सुटला असता आणि सगळे घरी गेले असते. पण तो पळत सुटला.

चेंडू काखेत धरून मैदानाचं पलीकडचं टोक गाठायचं, एवढंच होतं. वेळ संपली तरी सुरू झालेला डाव पुरा होऊ देतात. पण मध्ये अकरा माणसं होती आणि शंभर यार्ड चिखल. पहिल्या दोघांना त्याने खांदा वळवून चुकवलं. तिसऱ्याच्या हातात त्याचा सदरा आला आणि फाटला. मग तो आमच्या बाजूच्या कडेने येऊ लागला. आर्डिसने मला घट्ट धरलं, मधलं चाक किंचित फिरवलं, आणि त्या मुलाचा चेहरा माझ्या काचांत पूर्ण भरला.

तो रडत होता. पावसाचं पाणी वेगळं आणि हे वेगळं, ते मला कळतं. ओठ ताणले गेले होते, हनुवटी थरथरत होती. शेवटचा माणूस चिखलात घसरून पडला आणि हा एकटाच रेघेपलीकडे गेला. तिथे थांबला नाही, कुंपणापर्यंत गेला आणि तारेला धरून पाठमोरा उभा राहिला.

मैदान नुसतं उसळलं होतं. आर्डिसने मला खाली घेतलं आणि व्हर्लिनच्या कानाशी म्हणाली, "तो मुलगा रडतोय."

"काय?"

"रडत होता तो. पळताना."

"रडेल कशाला? जिंकलाय तो," व्हर्लिन म्हणाला. "हसत असेल."

आर्डिसने माझ्या काचांवरचं पाणी पुसलं. कॉलेजचा चित्रफितीचा कॅमेरा पावसाने आधीच बंद पडला होता. त्यामुळे ती धाव उरली ती फक्त लोकांच्या डोळ्यांत, आणि चेहरा उरला फक्त तिच्या.

सोमवारी ऑरिनच्या केशकर्तनालयात व्हर्लिनने धाव सांगितली. तो म्हणाला, "मी दुर्बिणीतून पाहिलं, पोरगा हसत होता, शंभर यार्ड हसत पळाला." मी तेव्हा त्याच्याच गळ्यात होते. गुरुवारी गावच्या वर्तमानपत्रात तेच छापून आलं, व्हर्लिनच्या नावासकट. पुढच्या वर्षी कॉलेजने भिंतीवर चोवीस नंबरचं चित्र रंगवलं. चित्रात तो हसत होता.

मग किती वर्षं गेली. व्हर्लिन ती गोष्ट लग्नांत, चर्चच्या तळघरातल्या जेवणांत, बसच्या रांगेत सांगत राहिला. सांगता सांगता ती त्याला खरीच वाटू लागली. मला वाटतं, शेवटी शेवटी त्याला तो हसरा चेहरा दिसतही असावा. त्यांची मुलगी कार्ना पंधरा-सोळा वर्षांची असताना एकदा म्हणाली, "पण मॉम, दुर्बीण तर तुझ्याकडे होती ना?" आर्डिस बटाटे सोलत होती. "सांगू दे गं त्याला," ती म्हणाली. "मला कुठे सांगता येतं तसं?"

माझी खरी सेवा ओढ्याकाठीच झाली. आर्डिसने तीस-चाळीस वर्षं माझ्यातून पक्षी पाहिले. लोक माझं कौतुक करत, अजून काय छान दिसतं हिच्यातून, म्हणत. मग आर्डिसचे गुडघे गेले, मग श्वास. मी कोटांच्या कपाटात, वरच्या फळीवर गेले. तिथे ओल होती. माझ्या उजव्या काचेच्या कडेला बुरशीची बारीक जाळी धरली. मला कोणी पुसलं नाही.

दोन हजार एकवीसच्या मार्चमध्ये आर्डिस गेली. व्हर्लिन त्र्याऐंशी वर्षांचा होता. शेजाऱ्यांनी भांडी भरभरून जेवण आणलं, ते त्याने उभ्या उभ्या खाल्लं, गरम न करता. तो रडला नाही. बोलायचाही थांबला. कार्ना डे मॉइन शहरातून दर आठवड्याला यायची, त्याची दाढी करून द्यायची. तो खिडकीशी बसायचा आणि रेडिओवरचं हवामान ऐकायचा. पाऊस येणार म्हटलं तरी तसाच, ऊन पडणार म्हटलं तरी तसाच.

ऑक्टोबरमध्ये कॉलेजकडून आमंत्रण आलं, आधी जेवण आणि मग सामना. त्या धावेला पन्नास वर्षं होत होती आणि चोवीस नंबर, म्हणजे रॉइस हॉलबर्ट, येणार होता. व्हर्लिन नको म्हणाला. कार्नाने त्याच्या अंगात कोट घातला आणि कपाटातून मला काढून त्याच्या गळ्यात अडकवलं. "डॅड, तुम्ही नाही गेलात तर ती गोष्ट सांगणार कोण?" ती म्हणाली. तो उठला आणि गाडीत जाऊन बसला.

जेवण कॉलेजच्या व्यायामशाळेत होतं. चिली, म्हणजे खिमा-राजम्याचं तिखट कालवण, आणि दालचिनीचे रोल, जसे इथे नेहमी असतात. रॉइस हॉलबर्ट सत्तरीचा होता, काठी टेकत चालत होता. लोक त्याच्याभोवती जमले. केशकर्तनालयवाल्या ऑरिनचा मुलगा व्हर्लिनला दंडाला धरून पुढे घेऊन गेला आणि म्हणाला, "हेच ते. यांनी तुम्हाला हसताना पाहिलं."

रॉइसने व्हर्लिनच्या गळ्यातल्या माझ्याकडे पाहिलं. "टेस्डाल?" त्याने विचारलं.

"हो."

"जरा बसाल का माझ्याजवळ?"

दोघं एका कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले. कार्नाने चिलीच्या वाट्या आणून ठेवल्या. रॉइस शांतपणे सांगत गेला. त्या शनिवारी सकाळी वसतिगृहाच्या बोळातला फोन वाजला होता. त्याचे वडील गोठ्यात काम करता करता गेले होते. त्याने प्रशिक्षकांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी त्याला बसमध्ये बसवून घरी पाठवलं असतं, आणि घरी जाऊन तो रिकामा गोठा बघायची त्याच्यात ताकद नव्हती. तो खेळला. चेंडू हातात आला तेव्हा त्याला एवढंच सुचलं, की पळत राहावं.

"पुढच्या आठवड्यात कोणीतरी आईला वर्तमानपत्राचं कात्रण पाठवलं," तो म्हणाला. "तिने ते टेबलावर ठेवलं आणि मला विचारलं, 'तू हसत होतास?' मी नाही म्हटलं. तिचा विश्वास बसला नाही. छापून आलं होतं ना."

व्हर्लिनचे हात टेबलावर होते. ते हलले नाहीत.

"ख्रिसमसच्या आधी कॉलेजच्या पत्त्यावर एक कार्ड आलं," रॉइस म्हणाला. "त्यात लिहिलं होतं, 'मी दुर्बिणीतून तुझा चेहरा पाहिला. पेपरात आलंय ते चूक आहे. तुला काय झालं होतं मला माहीत नाही, पण त्याबद्दल मला फार वाईट वाटतं.' खाली नुसतं आडनाव, टेस्डाल. ते कार्ड मी आईला दिलं. तिने ते मरेपर्यंत बायबलमध्ये ठेवलं. मला वाटायचं, पेपरात चुकीचं छापलं गेलं म्हणून तुम्हीच लिहिलं असेल. मी उत्तर पाठवलं नाही. आज आभार मानायला आलोय."

मित्रांनो, त्या कार्डाचं मलाही ठाऊक नव्हतं. मी तेव्हा पेटीत असेन. इथे व्हर्लिनला मान हलवता आली असती. आभार घेता आले असते. आर्डिसने त्याला तेव्हा काय सांगितलं होतं, ते सांगणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. मी होते, पण मला तोंड नाही. चिलीवर तेलाचा थर जमत चालला होता.

"पेपरात चूक छापलं नव्हतं," तो म्हणाला. "मी सांगितलं तेच छापलं. आणि मी पाहिलंच नव्हतं. दुर्बीण माझ्या बायकोकडे होती. आर्डिस. तिने मला तिथल्या तिथे सांगितलं, तू रडतोयस म्हणून. मी त्याचं 'हसतोय' केलं."

रॉइसने आपली वाटी बाजूला सरकवली.

"तुझ्या आईला..." व्हर्लिनने वाक्य सुरू केलं आणि सोडून दिलं. "चूक झाली माझी," तो म्हणाला. आवाज कोरडा होता, हवामान वाचून दाखवावं तसा.

"कुठे आहेत त्या, आर्डिस?" रॉइसने विचारलं.

"मार्चमध्ये गेली."

रॉइसने काठी दुसऱ्या हातात घेतली. रागावला असावा, पण तो उठून गेला नाही. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "कशा होत्या?"

पन्नास वर्षं ती गोष्ट सांगत आलेला माणूस दोनच शब्द बोलला. "पक्षी बघायची," तो म्हणाला. मग कार्नाकडे वळून म्हणाला, "कोणते बघायची गं?" कार्नालाही दोन-तीनच नावं सांगता आली.

मग सामन्याच्या मध्यंतरात रॉइसला मैदानाच्या मध्यभागी नेलं. निवेदकाने नेहमीचीच गोष्ट सांगितली, हसण्यासकट. रॉइसने माइक हातात घेतला. त्याच्या वडिलांचं नाव सांगितलं आणि आर्डिस टेस्डालचं नाव सांगितलं. आणखी काही नाही. लोकांना काही कळलं नाही, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या. व्हर्लिनने वाजवल्या नाहीत. त्याचे दोन्ही हात माझ्यावर होते.

भिंतीवरचं चित्र अजून हसतंच आहे. बदलायचं का, यावर कॉलेजात चर्चा झाली म्हणतात.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू असेल तर तिला ओल लागू देऊ नका. कोरड्या, मऊ कापडाने पुसा. आणि ती ज्याच्या हातात असायची, ते माणूस अजून घरात असेल, तर त्याला विचारा, तू काय पाहिलंस? सांगेल तेवढं ऐकून घ्या. मध्ये बोलू नका.

व्हर्लिन आता रोज सकाळी मला खिडकीशी घेऊन बसतो. माझ्या उजव्या नळीवर एक कडं असतं, ज्याच्या त्याच्या नजरेप्रमाणे फिरवून घ्यायचं. ते आर्डिसच्या नजरेला लावलेलं आहे, त्याला त्या बाजूने धूसर दिसतं. कार्ना एकदा म्हणाली, "डॅड, द्या इकडे, तुमच्या डोळ्याला लावून देते."

"राहू दे," तो म्हणाला.

तो उजवा डोळा मिटून घेतो आणि नुसत्या डाव्या डोळ्याने ओढ्याकडे बघत राहतो.