मला न झालेला आजार

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे. माझी पहिली नोकरी रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीत झाली. नवे कॉम्प्युटर आले तेव्हा मला भंगारात काढणार होते. पण अतिदक्षता विभागातल्या सिस्टर तेव्हाच निवृत्त होत होत्या, त्या मला घरी घेऊन आल्या. "आपण दोघं एकदमच रिटायर झालो," असे त्या माझी धूळ पुसताना म्हणायच्या.

घरी मला एकच मोठे काम होते. सिस्टरांची लेक परगावी राहत होती. तिला नववा महिना लागला होता आणि पाय सुजू लागले होते. रोज दुपारी ती कॅमेऱ्यासमोर पाय धरायची. "अंगठ्याने दाब. खळगा किती वेळ राहतो ते बघू दे," सिस्टर सांगायच्या. त्यांच्या मोबाइलला नुसती बटणे होती, त्यामुळे लेक त्यांना फक्त माझ्यातूनच दिसे. त्या दिवसांत माझी कॉलर ताठ होती.

मग एका सकाळी बाळाच्या स्वेटरचे नमुने शोधताना सिस्टरांनी कुठल्याशा चित्रावर क्लिक केले आणि माझा सगळा पडदा लालभडक झाला. 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडले आहेत. बंद करू नका. ताबडतोब या नंबरवर फोन करा.' स्पीकरमधून गजर सुरू झाला.

मला काहीही झाले नव्हते. ते ब्राउझरमधले एक साधे पान होते. असे पान सगळा पडदा व्यापते, बंद करायची फुली लपवते, हवा तेवढा आरडाओरडा करते. पण माझ्या पोटात शिरून व्हायरस मोजू शकत नाही. मला हे ठाऊक होते. पण तोंड माझे, आवाज माझा आणि शब्द भलत्याचेच. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

दुसऱ्या कोणी वैतागून माझा प्लग काढला असता. सिस्टरांचा मात्र जन्म वॉर्डात गेलेला. गजर वाजला की जागचे हलायचे नाही, यंत्र बंद करायचे नाही, वर कळवायचे, हे त्यांच्या हाडीमाशी भिनले होते. त्यांनी फोन लावला. पलीकडचा माणूस फार अदबीने 'मॅडम, मॅडम' करत होता. त्याने सांगितलेला प्रोग्राम त्यांनी उतरवून घेतला, आणि माझ्या पडद्यावरचा बाण आपोआप फिरू लागला. तो लेकीच्या तपासण्यांचे कागद उघडून बघू लागला तेव्हा सिस्टर भानावर आल्या. त्यांनी भिंतीतला प्लग उपटला.

मग माझ्यावर पांढरी चादर घातली, पार डोक्यावरून. वॉर्डात तशी चादर कोणावर घालतात, हे मला माहीत आहे.

लेकीला त्यांनी कॉम्प्युटर बिघडल्याचे सांगितले. जन्मभर इतरांना सावध करणारी बाई स्वतः फसली, हे कोणत्या तोंडाने सांगणार? चादरीखाली मी माझ्या लाजेत, बाहेर त्या त्यांच्या. आणि तिकडे ते पाय कोणीच बघत नव्हते.

एके दुपारी सिस्टरांच्या मोबाइलच्या स्पीकरवर लेकीचा आवाज आला. बरी आहे म्हणत होती, पण आवाज ओढलेला होता. सिस्टरांना राहवले नाही.

"तो बिघडला नाही. मी फसले," त्या म्हणाल्या आणि सगळे सांगून टाकले.

"आई, नव्या पोरींना तू काय शिकवायचीस? मॉनिटर ओरडला की आधी..."

"पेशंटकडे बघायचं," सिस्टर हळूच म्हणाल्या. "कितीदा नुसती वायर निघालेली असते."

"मग त्या बिचाऱ्याची नाडी कोण बघणार होतं?"

सिस्टर बऱ्याच दिवसांनी हसल्या. लगेच चादर काढून त्यांनी मला दुरुस्तीवाल्याकडे नेले. त्याने तो परका प्रोग्राम काढला, मला आतून तपासले आणि सगळे पासवर्ड बदलायला लावले. त्या प्रोग्रामशिवाय माझ्यात काहीच निघाले नाही.

घरी येऊन त्या माझ्यावरून लेकीला व्हिडिओ कॉल लावायला बसल्या, तर एका चुकीच्या क्लिकने पुन्हा तोच लाल पडदा. सिस्टरांनी माझ्या पाठीवर तळवा ठेवला. पंखा एका लयीत फिरत होता. "तुला काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. दुरुस्तीवाल्याने शिकवल्याप्रमाणे त्यांनी कोपऱ्यातले एस्केपचे बटण दाबून धरले. पडदा आक्रसला, लपलेली फुली दिसली, पान बंद झाले.

मग लेक दिसली. "पाय राहू दे. चेहरा जवळ आण," सिस्टरांचा आवाज एकदम वॉर्डातला झाला. "डोळे सुजलेत. डोकं दुखतंय?"

"थोडं."

"रक्तदाब चढलेला असणार. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा."

ती वेळेवर पोहोचली. नात मी सगळ्यांत आधी दाखवली.

मित्रांनो, माझ्यासारखा कोणी लाल होऊन ओरडू लागला तर घाबरू नका. त्या नंबरवर फोन करू नका, ते पान बंद करा. नाहीच झाले तर खुशाल मलाच बंद करा, मला राग येणार नाही. आणि फसलातच, तर त्याच दिवशी घरी सांगा. आम्ही दोघे लाजत बसलो, तेवढ्या दिवसांत तिकडे सूज चढत होती.