कारणांच्या वहीतली एकशे चौदावी नोंद

हाडांच्या वॉर्डात नवी नर्स आली की हेमा सिस्टर पहिल्या दिवशी तिला प्लास्टर दाखवत नसत, मोडलेलं हाड ताणून धरणारी ट्रॅक्शनची वजनं दाखवत नसत. एक वही दाखवत. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी. वर काही लिहिलेलं नव्हतं, पण डोंबिवलीच्या त्या सत्तर खाटांच्या खासगी हॉस्पिटलात सगळे तिला 'कारणांची वही' म्हणत.

हात मोडलेला माणूस आला की पहिलं काम म्हणजे त्याच्या हातातल्या अंगठ्या, कडी, बांगड्या, घड्याळ काढणं. तासा-दोन तासांत सूज चढते, अंगठी मांसात रुतते आणि बोटाचा रक्तपुरवठा अडतो. हे सांगायला अर्धं मिनिट लागतं, पटवायला कधी कधी पाऊण तास. अंगठी न काढण्यासाठी माणसाकडे एक तरी कारण तयार असतंच. हेमा सिस्टर ते कारण तारीख आणि वय घालून वहीत उतरवून ठेवत.

नोंद अकरा: 'गुरुजींनी सांगितलंय, साडेसाती संपेपर्यंत काढायची नाही.' नोंद सदतीस: 'साखरपुड्याची आहे, आणि ती समोरच बसलीय.' नोंद बावन्न: 'एकदा काढली की परत जात नाही, मी ओळखतो माझं बोट.' नोंद ऐंशी: 'मुका मार आहे हो, उतरेल.' हे शेवटचं कारण इतक्यांदा आलं की त्यापुढे त्या नुसत्या रेघा मारू लागल्या. रेघा एक्केचाळीस झाल्या होत्या.

सगळ्यांना उत्तर मात्र एकच मिळे. "अंगठी ठेवायची की बोट? ठरवा. मी इथेच उभी आहे."

आणि त्या खरोखर उभ्या राहत.

नोंदी एकशे तेरा झाल्या होत्या तेव्हा वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरचं पद रिकामं झालं. हेमा सिस्टरांना या वॉर्डात एकवीस वर्षं झाली होती. नर्सिंगमध्ये वर जायचं तर आयसीयू धरावं, ऑपरेशन थिएटर धरावं, निदान परदेशाचे फॉर्म भरावेत, असा सर्वसाधारण समज आहे. हाडांचा वॉर्ड म्हणजे उचला, कुशीवर वळवा, भांडं द्या. हेमा सिस्टरांनी नोकरी सांभाळून पदवी घेतली, तरी इन्चार्जपद तीनदा हुकलं. पहिल्यांदा आयसीयूमधून कोणी आलं, दुसऱ्यांदा ठाण्याच्या शाखेतून. तिसऱ्यांदा कोणीच आलं नाही, पदच गोठवलं. आयसीयूमधून आलेल्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात ट्रॅक्शनची वजनं 'पायात येतात' म्हणून काढून कपाटात ठेवली होती. ती परत लावून हाड पुन्हा जागेवर आणायला चार दिवस गेले, आणि ज्याचं हाड होतं त्याने त्या चार दिवसांत हेमा सिस्टरांनाच शिव्या दिल्या.

आता ही चौथी वेळ. इंटरव्ह्यूच्या पत्रात दोन अटी होत्या. गैरहजर उमेदवाराचा पुढची तीन वर्षं विचार होणार नाही, ही पहिली. पदासाठी कमाल वय अठ्ठेचाळीस, ही दुसरी. हेमा सिस्टर सेहेचाळीस वर्षांच्या होत्या. हा हिशेब करायला त्यांना कागद लागला नाही.

इंटरव्ह्यू गुरुवारी, सकाळी अकराला, ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या मुख्य कार्यालयात होता. डोंबिवलीजवळच्या कोपरच्या घरातून निघताना सासूबाई, रमाबाई, दारात आडव्या आल्या. त्यांच्या हातात पुष्कराजाची अंगठी होती, त्यांच्या स्वतःच्या बोटातली.

"आजच्या दिवस घाल. उजव्या हाताची तर्जनी. काही विचारू नकोस."

"आई, मी लोकांच्या अंगठ्या काढते."

"लोकांच्या काढतेस म्हणूनच तुझं अडलंय."

यावर उत्तर होतं, पण त्याला वेळ लागला असता. अंगठी एक माप लहान होती. बेसिनपाशी साबण लावून ती चढवावी लागली. साबण लावून चढवलेली अंगठी कशी उतरते, हे हेमा सिस्टरांइतकं डोंबिवलीत फारसं कोणाला माहीत नव्हतं.

साडेदहाला त्या वागळे इस्टेटमध्ये रिक्षातून उतरल्या. कार्यालय तिसऱ्या मजल्यावर होतं आणि तळमजल्यावर लेथचा कारखाना. कारखान्यासमोरच्या उतारावर तेल सांडलं होतं. दुसऱ्याच पावलाला त्या उजव्या हातावर पडल्या.

मनगट कशा आवाजात मोडतं ते त्यांना ठाऊक होतं. तो आवाज त्यांनी ऐकला. उठल्या, साडी झटकली, फाइल उचलली आणि धावत आलेल्या कामगाराला म्हणाल्या, "काही नाही, मुका मार आहे."

साडीवरचं तेल पुसून त्या वर पोचल्या तेव्हा अकराला दहा कमी होते. तिसऱ्या मजल्यावरच्या बाकावर स्वानंद बसला होता. वय एकोणतीस, त्याच वॉर्डातला स्टाफ नर्स. पेशंट त्याला ब्रदर म्हणत. पाच वर्षांपूर्वी तो आला तेव्हा ती वही त्यालाही पहिल्या दिवशी वाचायला मिळाली होती. आजच्या पदासाठी दुसरा उमेदवार तोच होता. हेमा सिस्टरांचा नंबर आधी, त्याचा नंतर.

"गुड मॉर्निंग सिस्टर. मी साडेनऊलाच आलेलो. तुम्ही हात फाइलखाली का धरलाय?"

"सवय आहे."

"नाही, नसते तुमची. दाखवा ना."

"स्वानंद, तुझी उत्तरं पाठ कर."

त्याने उत्तरं पाठ केली नाहीत. वाकून फाइलखाली पाहिलं. मनगट सुजलं होतं, तर्जनी उकडलेल्या रताळ्यासारखी झाली होती आणि तिच्या मुळाशी पुष्कराज अर्धा बुडाला होता.

"सिस्टर! अंगठी? तुम्ही?"

"हळू बोल."

"हे सरळ फ्रॅक्चर आहे. काढा ती आधी."

"सासूबाईंची आहे."

"नोंद एकोणीस," स्वानंद म्हणाला.

"आज गुरुवार आहे रे."

"नोंद चौसष्ट. पुढे?"

"मुका मार आहे."

"बेचाळिसावी रेघ. चला, बेसिन तिकडे आहे. मी साबण बघतो."

"हे बघ, आत कळलं तर ते मला इंटरव्ह्यूला बसवतील? उचलून कॅज्युअल्टीला पाठवतील आणि माझ्या नावापुढे गैरहजर लिहून मोकळे होतील. वीस मिनिटांचं काम आहे. इंटरव्ह्यू झाला की काढते."

"अंगठी ठेवायची की बोट?" स्वानंद त्यांच्याच आवाजात म्हणाला. "मी इथेच उभा आहे."

आणि तो उभा राहिला. येणारे-जाणारे बघू लागले.

"गप्प बस. आणि खाली बस," हेमा सिस्टर म्हणाल्या. तेवढ्यात शिपायाने त्यांचं नाव पुकारलं.

आत दोघेच होते. मनुष्यबळ विभागाचे प्रमुख गुरुदत्त सर, ज्यांच्या पुढ्यात 'नेतृत्व', 'संवाद', 'दबावाखालील निर्णय' असे रकाने असलेला फॉर्म होता, आणि अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. उर्वी, ज्यांना दीड वाजता एक खुबा बदलायचा होता आणि त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे तशाच बघत होत्या. हेमा सिस्टरांनी डाव्या हाताने नमस्कार केला. तो अर्धाच झाला.

"पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?" गुरुदत्त सरांनी विचारलं.

"त्याच वॉर्डात, सर."

"म्हणजे प्रगती?"

"वॉर्डाची होईल, सर."

गुरुदत्त सरांनी काहीतरी लिहिलं. मग पेशंट ऐकत नसेल तर काय करता, असं विचारलं. या प्रश्नावर हेमा सिस्टर खुलल्या. वहीबद्दल सांगितलं, शनीवाला सांगितला, साखरपुड्याची मुलगी सांगितली. डॉ. उर्वी घड्याळ विसरून हसल्या. सांगताना हेमा सिस्टरांचा डावा हात सारखा हलत होता. फाइलखाली तर्जनीचं टोक बधिर झालं होतं. बधिरपणा ही कितवी पायरी हे त्या दरवर्षी सहा नव्या नर्सना शिकवत.

"छान," गुरुदत्त सर म्हणाले. "आता शेवटचा. तुमच्या टीममधल्या ज्युनियरने तुमची चूक दाखवली, तर तुमची प्रतिक्रिया काय असेल?"

याचं उत्तर हेमा सिस्टरांनी पाठ केलं होतं. "मी त्याचं मनापासून स्वागत करीन," त्या म्हणाल्या, "कारण रुग्णाची सुरक्षितता पदापेक्षा..."

इथे त्या थांबल्या. गुरुदत्त सरांचं पेन वर उचललेलं होतं.

"पदापेक्षा?"

"सर, हे खोटं आहे. बाहेर स्वानंद बसलाय. त्याने वीस मिनिटांपूर्वी माझी चूक दाखवली. मी त्याला गप्प बस म्हटलं." त्यांनी फाइल बाजूला करून हात टेबलावर ठेवला. "मी खाली पडले. रेडियसचं खालचं टोक मोडलं असावं. अंगठी माझी नाही, पण घातली मीच. आता तुम्ही गैरहजर लिहा किंवा काहीही लिहा, आधी त्याला आत बोलवा. हे एका हाताचं काम नाही."

गुरुदत्त सर हाताकडे पाहून पांढरे पडले. "खाली लेथवाला आहे. त्याच्याकडे कटर असेल. बोलावू?"

"नको!" दोघी एकदम ओरडल्या.

स्वानंद दारातच होता. हाक मारावी लागली नाही. बेसिनवरची हॅंडवॉशची बाटली त्याने आधीच आणून ठेवली होती.

"हात वर," हेमा सिस्टर म्हणाल्या आणि स्वतःचाच हात वर केला. "उर्वी मॅडम, कोपर धरा, मनगट हलू देऊ नका. मास्क कोणाकडे आहे? मास्क लागेल, त्याचं इलॅस्टिक. गुरुदत्त सर, टाचणी नको, यू-क्लिप द्या. आणि थंड पाणी. फ्रिजमधलं, माठातलं नाही."

गुरुदत्त सर फॉर्म टाकून पाणी आणायला धावले. वीस वर्षांच्या नोकरीत कोणा उमेदवाराने त्यांना पाणी आणायला पाठवलं नव्हतं.

थंड बाटली बोटावर धरून पाच मिनिटं हात वर ठेवला. मग स्वानंदने क्लिपच्या टोकाने इलॅस्टिक अंगठीखालून सरकवलं आणि उरलेलं बोटावर गुंडाळायला घेतलं.

"घट्ट. अजून घट्ट. वेढ्याला वेढा चिकटला पाहिजे, मध्ये मांस वर यायला नको. अरे, मी दुखतंय म्हणाले का?"

"डोळ्यांतून पाणी येतंय, सिस्टर."

"ते माझं मी बघते. आता अंगठीखालचं टोक धर, आणि उलगडत ये. ओढू नकोस, उलगड."

एकेक वेढा सुटत गेला आणि एकेक वेढ्याने पुष्कराज पुढे सरकला. मधल्या सांध्यावर तो अडला. मग हॅंडवॉशचा एक थेंब, एक हिसका, आणि अंगठी टेबलावरून घरंगळत फॉर्मवर, 'संवाद'च्या रकान्यात जाऊन थांबली.

डॉ. उर्वींनी बोटाचं टोक दाबून सोडलं. पांढरं झालेलं नख हळूहळू गुलाबी झालं.

"वाचलं," त्या म्हणाल्या. "सिस्टर, तुम्ही मूर्ख आहात."

"हो, मॅडम."

"स्वानंद, आता तुझा इंटरव्ह्यू," गुरुदत्त सर घाम पुसत म्हणाले.

"झाला ना, सर," स्वानंद म्हणाला. "आणि इन्चार्ज कोण होतं ते तुम्ही बघितलंत. पाणी कोणी आणलं?"

निर्णयाचं पत्र बारा दिवसांनी आलं. हेमा सिस्टरांची इन्चार्जपदी नियुक्ती झाली होती. फॉर्मवर डॉ. उर्वींनी 'दबावाखालील निर्णय' या रकान्यात दोन आकडे लिहिले होते, पहिल्या पन्नास मिनिटांसाठी शून्य आणि नंतरच्या दहा मिनिटांसाठी दहा. गुरुदत्त सरांनी सरासरी काढायचा प्रयत्न करून सोडून दिला होता. रमाबाईंनी पत्र देवापुढे ठेवलं, पुष्कराज आपल्या बोटात परत चढवला आणि शेजारीपाजारी सांगितलं की अंगठीने तासाभरात गुण दिला.

उजव्या हाताला प्लास्टर असतानाच त्या हलक्या कामावर रुजू झाल्या. टेबलावर ड्युटी लिस्ट होती, ट्रॅक्शनच्या नव्या दोऱ्यांची मागणी होती आणि सगळ्यांत वर निळी वही होती. इन्चार्जने वहीचं प्रत्येक पान तपासून सही करायची, हा नियम त्यांनीच अकरा वर्षांपूर्वी केला होता. आजवरच्या एकाही इन्चार्जने तो पाळला नव्हता.

शेवटच्या पानावर स्वानंदचं अक्षर होतं.

'नोंद ११४. स्त्री, वय ४६, व्यवसाय नर्स. पुष्कराज, उजवी तर्जनी. कारण: इंटरव्ह्यू झाला की काढते.'

आणि मागे नोंद ऐंशीपुढे बेचाळिसावी रेघ.

"हे खोडता येईल का रे?" हेमा सिस्टरांनी विचारलं.

"वहीत खाडाखोड चालत नाही, सिस्टर. पहिल्या पानावर लिहिलंय. तुमचंच अक्षर आहे."

त्यांनी डाव्या हातात पेन घेतलं आणि इन्चार्ज म्हणून पहिली सही केली. ती पहिलीतल्या मुलासारखी आली. खाली पदाचा शिक्का स्वानंदने मारला, सरळ.