उणे सत्तावीस

पळीच्या टोकाला वरणाचा थेंब लोंबत होता, आणि मीठ बरोबर आहे हे जिभेला कळल्यावर मग वैजयंतीला आठवलं की आज सोमवार... दिवे लागेपर्यंत अन्नाचा कण नाही, लग्नापासून एकदाही चुकलं नाही, आणि आज – सवयीनं! तिनं मोरीत जाऊन चूळ भरली, पुन्हा भरली.

सासूबाई लसूण सोलत होत्या. “गियलं काय?”

“नाई, आत्याबाई. जिभेलेच लागलं.”

“मंग कायले तोंड पाडलं वं? देव काय तुह्या जिभेवर पहारा देऊन राह्यला? गियलं असतं तं मोडला असता उपास.”

मालेगावच्या ब्रॉडबँड ऑफिसात पडद्यासमोर बसेपर्यंत ते मीठ जिभेवरच होतं – की मनात? पडद्यावर गावोगावच्या लायनी, काचेच्या तारेतून कुठं किती उजेड पोचतो त्याचे उणे आकडे; उणे जितकं मोठं, तितका उजेड मंद. उजेड ठरवलेल्या पातळीखाली उतरला की घंटी. ती पातळी ठरवणं तिचं काम, आणि तिनं ती कडक ठेवली होती, उणे चोवीस, एखाद्या व्रतासारखी. कारण हिवाळ्यात मेडशीची लाइन मंदावत मंदावत गेली, इथं कुणाला कळलं नाही, आणि तिथं दवाखान्यात रुपाबाई बाळंतपणात अडलेली असताना पडद्यावरून सांगणाऱ्या डॉक्टरीणबाई बोलता बोलता गोठल्या... बाळ वाचलं. बाळ वाचलं, हे मी स्वतःला किती वेळा सांगितलं असेल. पण तेव्हापासून उजेड जरा थरथरला तरी घंटी, आणि घंटी वाजली की लाइनमन लखन मोटरसायकलवर.

तो लखनच दारात उभा होता, रुमालानं मान पुसत.

“वयनी, आजबी लाइन चालूच. दवाखान्यातली सिस्टर हासते मले. म्हणते, चहा प्याले आला काय?” मग आवाज उतरवून, “खरं सांगू? आता तुमची घंटी वाजली तं मी अंदी डबा खातो, मंग निंगतो.”

तो हसला. ती मात्र पडद्याकडे वळली... म्हणजे खरोखर तुटेल त्या दिवशीही हा आधी डबाच उघडणार. जितकं कडक तितकं सुरक्षित, असं धरून मी घंटीलाच खोटं पाडत आले?

तिनं आधीचे आकडे पुन्हा पाहिले. ऊन चढलं की मेडशी पंचवीसपर्यंत उतरायची, सव्वीसला टेकायची, पण लाइन चालू. बंद पडली ती त्याच्याही खूप खाली गेल्यावर. तिनं उणे सत्तावीस लिहिलं. त्याखाली उजेड पाच मिनिटं राहिला तरच घंटी. बोट बटणावर थांबलं – हे व्रत मोडणं तर नव्हे? – गियलं काय? – आणि तिनं दाबलं.

दुपारी मेडशीचा आकडा उतरू लागला. उणे चोवीस गेलं. पंचवीस... तिनं पदराचं टोक मुठीत धरलं, नाम घ्यायचंही विसरली. सव्वीसला जाऊन तो थांबला, तिथंच हेलकावत राहिला. घंटी नाही. मागं लखनच्या डब्याचं झाकण निघालं, कांद्याचा वास आला.

आकडा वर सरकू लागला, आपला आपण, कुणालाच न धाडता.

कधीतरी लाइन तुटेलच, तेव्हा वाजेल. वाजेल ना... तिनं हा प्रश्न तसाच राहू दिला. हिवाळ्यापासून दात आवळलेले होते हे तिला आत्ता, ते सैल झाल्यावर कळलं. तिनं जीभ टाळूला लावून पाहिली. मीठ अजून होतं – पण आता ते नुसतं मीठ होतं.