चाळिसाव्याचा कागद

शनिवारी नेव्यानाला जाऊन चाळीस दिवस होणार होते आणि बुधवार दुपारपर्यंत तिचा कागद छापून झाला नव्हता.

आमच्या गावात माणूस गेलं की त्याचा फोटो आणि नाव छापलेला कागद फाटकांवर, बेकरीच्या दारावर, बसथांब्याजवळच्या झाडावर लावतात. चाळिसाव्या दिवसासाठी दुसरा, वर्षानं तिसरा. दुसरा कागद दिसला नाही तर लोक समजतात, घरच्यांनी मनातून काढून टाकलं. सोळा वर्षं गावाचे हे कागद माझी बायको नेव्याना आमच्या घराला लागूनच असलेल्या वाचनालयातल्या प्रिंटरवर छापत असे. ग्रंथपाल मी होतो, पण त्या यंत्राला मी बिचकत असे. अजूनही बिचकतो.

तिथेच जास्तीच्या कार्ट्रिजांचा एक खण होता. प्रत्येक कार्ट्रिज खोक्यात, चंदेरी पाकिटात, उभं, नंबर समोर, आणि खोक्यावर पेन्सिलीनं आणल्याची तारीख. आधीच्या आणि आताच्या प्रिंटरची कार्ट्रिजं जुळ्या भावांसारखी दिसायची, शेवटचा आकडा तेवढा वेगळा. तिचा त्यात कधी घोटाळा झाला नाही.

ती गेल्यावर दुसऱ्या आठवड्यात घर खायला उठलं, तेव्हा मी तो खण आवरायला घेतला. मला आयुष्यात एकच काम धड येतं, वस्तूंना क्रमांक देऊन फळीवर लावणं. मी खोकी फेकली, पाकिटं फाडली, कार्ट्रिजांच्या तोंडावरच्या पट्ट्यासुद्धा सोलल्या. पुस्तकाला लावतो तशी प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवली आणि शेगडीवरच्या फळीवर सगळी ओळीनं मांडली. त्या दिवशी मला बरं वाटलं होतं. हे लिहिताना लाज वाटते.

यंत्रातली काळी शाई तिच्या पहिल्या कागदावरच संपली होती. बुधवारी एकामागून एक कार्ट्रिज घालून पाहिलं. चिठ्ठ्या नेमक्या यंत्राला टेकणाऱ्या तांब्याच्या ठिपक्यांवर बसल्या होत्या. त्या खरवडून काढल्या, तरी कागद कोरेच. पट्ट्या सोललेली, त्यात शेगडीची ऊब, शाई सुकून गेली होती. व्रात्सा शहरातल्या दुकानात फोन केला. इतक्या जुन्या यंत्राचं कार्ट्रिज मागवायला दहा दिवस लागतील, असं तिथल्या मुलीनं सांगितलं.

शेजारची त्सोनाताई चाळिसाव्याला कबरीपाशी वाटायच्या उकडलेल्या गव्हाची पातेली किती लागतील ते विचारायला आली. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, नेव्यानाची मैत्रीण. तिनं फळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"मेतोदी, जन्मभर पुस्तकं वाचलीस. एखाद्या खोक्यावरचंही वाचलं असतंस तर?"

यंत्रात रंगीत कार्ट्रिज तेवढं जिवंत होतं. त्यावर मी एक प्रत काढली. काळ्याच्या जागी जांभळट तपकिरी काहीतरी उमटलं. त्सोनाताईनं बोट ओलं करून नेव्यानाच्या गालावरून फिरवलं. गाल पुसला गेला.

"शुक्रवारी पाऊस सांगितलाय," ती म्हणाली. "बाईचं तोंड फाटकांवरून ओघळेल. नको."

मी म्हटलं, हातानं लिहीन. ती म्हणाली, फोटोही हातानं काढणार का. मग ती खिडकीपाशी गेली. न वळताच बोलली.

"बोचक्यात बघ. तुझ्या."

साठी उलटली की आमच्याकडे शेवटच्या प्रवासाचे कपडे बांधून ठेवतात. माझं बोचकं नेव्यानानं बांधलं होतं. घरात कपाटाच्या तळाशी ते होतं, पण मी कधी उघडलं नव्हतं. आत काळा कोट, पांढरा सदरा, मेणबत्ती, नवे बूट. उजव्या बुटात, कलंडू नये म्हणून मोजे कोंबून, एक कार्ट्रिज उभं ठेवलं होतं. खोकं बंद, नंबर बरोबर. सोबत माझा एक फोटो आणि चिठ्ठी: 'छापायच्या दिवशीच उघडा. पट्टी सगळ्यात शेवटी काढा. वीस प्रती पुरे, त्याला गर्दी आवडत नाही.'

तुला कधीपासून माहीत होतं, असं मी त्सोनाताईला विचारलं. डॉक्टरांनी शरद ऋतूत नेव्यानाच्या आजाराचं सांगितलं तेव्हापासून, ती म्हणाली. हा मागे राहिला तर ह्याचा कागद कोण छापणार, एवढीच नेव्यानाला काळजी होती. म्हणून तिनं त्सोनाताईला वाचनालयात बसवून बटणं शिकवली होती. मला शिकवायचा प्रयत्न तिनं केला नाही. कदाचित केलाही असेल, मी पुस्तकातून मान वर केली नसेन.

मी खोक्यावरची तिची पेन्सिलीतली तारीख वाचली.

"मग माझं?" मी विचारलं.

"तुझं मी हातानं लिहीन. माझं अक्षर वाईट आहे, पण तू थोडाच वाचायला येणार आहेस?"

तिनं पाकीट कात्रीनं कापलं. पट्टी मी काढली, सगळ्यात शेवटी.

पहिली प्रत बाहेर आली तेव्हा नेव्यानाच्या भुवया, मानेवरचा तीळ, सगळं स्वच्छ काळं होतं. आम्ही साठ प्रती काढल्या. तिला गर्दी आवडायची.

शुक्रवारी पाऊस आला. मी छत्री घेऊन सगळी फाटकं फिरलो. कागद भिजून लाकडाला चिकटले होते, पण चेहरा जागेवर होता. शनिवारी कबरीपाशी मोठा जमाव झाला. गहू कमी पडला.

रविवारी मी ते कार्ट्रिज यंत्रातून काढलं. त्यात थोडी शाई असावी, हलवल्यावर तसं वाटलं. पट्टी परत चिकटवून ते उजव्या बुटात उभं ठेवलं आणि बोचकं बांधलं. असं ठेवलेलं टिकतं की नाही, मला ठाऊक नाही. ज्या बाईला ठाऊक होतं, तिला आता विचारता येत नाही.