अण्णांचा नवा अर्थ

अण्णांचा कोणी नवा अर्थ लावला की ते वीतभर लहान होतात. संस्थानात उठाव झाला तेव्हा तिथली राज्यघटना त्यांनी लिहिली. पुढे वारले, आणि माझ्या लग्नानंतर घरी परत आले. नवऱ्याचे पणजोबा, नाही कसं म्हणणार? तेव्हा दारातून वाकून यावं लागायचं त्यांना. आता माझ्या सात महिन्यांच्या ईशानीशेजारी पाळण्यात मावतात. तिचं झबलं त्यांना होतं.

कायद्याचे अभ्यासक मंगळवारी दुपारी येतात. माणसं चांगली आहेत. चपला बाहेर काढतात, बाळाला खुळखुळा आणतात. डॉ. साळगावकरबाई पाळण्याच्या या बाजूला बसतात, प्रा. मिराशी त्या. भांडण कलम सातवर: ‘जुलमी हुकूम पाळायला कोणी बांधील नाही.’ यात बायका धरायच्या का? कुळं?

“सगळे,” अण्णा म्हणाले. “मी सगळेच धरले होते.”

“लेखकाची मागाहूनची साक्ष चालत नाही, अण्णा,” मिराशी अदबीने म्हणाले. अण्णा उशीएवढे झाले.

तेवढ्यात ईशानी रडली. साळगावकरबाईंनी पेन उघडलं. “हा निषेध आहे.”

“छे हो बाई,” मिराशी म्हणाले. “विनंती आहे, सरळ सरळ.”

“अहो, भूक लागलीय तिला,” मी म्हणाले.

“हा तुमचा अर्थ झाला, वहिनी,” मिराशी म्हणाले.

ईशानीच्या झबल्याची बाही बोटांवर आली. सकाळी मनगटावर होती. माझं लक्ष असतं. मी तिला घ्यायला धावले, पण खोलीही आकसली होती; दोघांच्या पाठीमागून भिंती पाळण्यापर्यंत सरकल्या होत्या. एक हात तेवढा आत गेला.

अण्णांनी बाहीकडे पाहिलं. मग खणखणीत आवाजात म्हणाले, “लिहून घ्या. नवं कलम सांगतो.”

दोघेही लगेच त्यांच्याकडे वळले. अण्णा सांगत गेले, ते दोघे अर्थ लावत गेले. अण्णा वाटीएवढे झाले. सुपारीएवढे झाले.

“अण्णा, पुरे हो.”

“तू पोरीला सांभाळ गं, सूनबाई. मला बोलू दे.”

तांदळाच्या दाण्याएवढे झाले तरी बोलतच होते. मग दुपट्यावर काहीच दिसेना.

पेनं थांबली. दोघं ईशानीकडे वळले. तिने तोंड उघडलं. मी हलकेच त्यावर हात ठेवला.

“हे महत्त्वाचं आहे,” साळगावकरबाई माझ्या हाताकडे बघत म्हणाल्या.

“फारच,” मिराशी म्हणाले.

माझ्या मनगटातली बांगडी आपोआप निसटून पाळण्यात पडली.