बॅग दत्तप्रसादच्या नावावर

तिकिटं नोव्हेंबरात काढली होती. विमान कंपनीचा सेल लागला होता, आणि दत्तप्रसाद पेडणेकर पंधरा दिवस रोज ओरोसचं ऑफिस सुटल्यावर एसटीत बसून मोबाइलवर भाव बघत होता. एका मंगळवारी कट्टा गावच्या स्टॉपवर उतरून तो घरी आला तो पायरीवरूनच हाक मारत.

"किशोरी, काढलंय गो! मोपा ते दिल्ली, तिघांची. मे महिन्यात."

दिल्लीहून रेल्वेने कालका, तिथून छोट्या गाडीने सिमला, असा बेत होता. तिकीट स्वस्त होतं ते का, हेही त्याने रात्रीच्या जेवणात समजावून सांगितलं. खाणं नाही, सीट निवडायची नाही, आणि हातात प्रत्येकी सात किलो, बस. सिमल्याची थंडी म्हणजे स्वेटर, जॅकेटं. ती सात किलोत मावणार नव्हती. म्हणून त्याने एका बॅगेचे पैसे भरले होते, पंधरा किलोचे, स्वतःच्या नावावर.

"तिघांचा सामान एकाच बॅगेत. तीन बॅगांचे पैसे कित्याक भरूचे?"

"आणि तिघांक तीन टोकांक बसवल्यानी तर?" किशोरीने विचारलं.

"अडीच तासांचो प्रवास. खंय बसलो तरी दिल्लीच येतली."

फेब्रुवारीच्या एकोणीस तारखेला सकाळी अकराच्या सुमारास, ऑफिसात झेरॉक्स मशीनपाशी उभा असताना दत्तप्रसाद खाली बसला आणि परत उठला नाही. सेहेचाळीस वर्षांचा होता.

किशोरी मालवणात एका लॉजच्या काउंटरवर काम करायची. त्या दिवशी पुण्याच्या एका कुटुंबाला ती जादा माणसाचे जादा पैसे का पडतात ते सांगत होती, तेवढ्यात लॉजचे मालक भिकाजी आतून आले आणि म्हणाले, "वैनी, उठा. गाडी काढलंय. ओरोसाक जाऊया."  कसालच्या तिठ्यावर, आता घाई नसल्यासारखी, त्यांनी गाडी हळू केली, तेव्हा काय झालंय ते किशोरीला कळलं.

घरी परत येईपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. तिच्या माहेरी, दत्तप्रसादच्या मोठ्या भावाच्या घरी, मुलीच्या, तन्वीच्या, शाळेत. किशोरीला ते कुणालाच सांगावं लागलं नाही. नंतर बँकेत, विम्याच्या ऑफिसात, पेन्शनच्या टेबलावर ती पर्समधून मृत्यूच्या दाखल्याची प्रत काढून पुढे ठेवायची. समोरचा माणूस वाचायचा आणि काय काय भरायचं ते सांगायचा. ती भरायची. पंधराव्या दिवशी ती पुन्हा लॉजच्या काउंटरवर उभी होती. लोक म्हणाले, बाई धीराची. धीर वगैरे काही नव्हता. सकाळी ती चहा प्यायची आणि कप धुताना चहा आपण प्यायलो की नाही हे तिला आठवायचं नाही.

तिकिटं रद्द करायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. मे उजाडल्यावर दत्तप्रसादच्या मोबाइलवर संदेश आला, प्रवासाला दहा दिवस राहिले म्हणून. तो मोबाइल आता तन्वी वापरत होती. तन्वी चौदा वर्षांची, नुकतीच नववी पास झालेली. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"आये, सिमल्याक जाऊचा आसा?"

"तिकिटां आसत."

"म्हणजे जाऊचा?"

"तिकिटां आसत मगे," किशोरी म्हणाली आणि भाजी चिरत राहिली.

किशोरीची जाऊ, लक्ष्मी, शेजारीच राहायची. तिला हे कळलं तेव्हा ती तणतणत आली. "वरीस होऊक नाय अजून, आणि तुमी थंडी खाऊक जातास? लोक काय म्हणतले?"

"हां वैनी," किशोरी म्हणाली.

  मग लक्ष्मी घरी गेली, आणि दुसऱ्या दिवशी बेसनाचे लाडू, चिवडा आणि आंबापोळी असा तीन किलोंचा डबा घेऊन आली. तन्वीकडे बघत म्हणाली, "चेडवाक थंय पोळये आवडूचे नाय." लक्ष्मी पोळ्यांना पोळये म्हणाली की तन्वी एरवी हसायची. त्या दिवशी हसली नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी तन्वीने मोबाइलवर दोघींचं चेक-इन केलं. पडद्यावर तीन नावं होती आणि प्रत्येक नावापुढे एक चौकट. तिने दोन चौकटींवर खुणा केल्या आणि तिसरी तशीच ठेवून पुढे गेली. आईला ती हे बोलली नाही. कंपनीने दोघींना एकमेकींपासून अकरा ओळी लांब बसवलं होतं, तेवढं सांगितलं.

वाडीतल्या कॉनरॅडची भाड्याची गाडी होती. सकाळी आठला तो त्यांना घेऊन निघाला आणि साडेदहाच्या आधी मोपाच्या विमानतळावर पोचवलं. मोठी ट्रॉली बॅग त्याने स्वतः उतरवून दिली. "मी हंयच चाय पितंय. तुमी आत गेल्यावर फोन करा, मगे जातंय," असं तो म्हणाला.

काउंटरवरच्या मुलीच्या छातीवर रिया नावाची पाटी होती. तिने बॅग वजनावर ठेवायला सांगितली. चौदा किलो. मग ती संगणकाकडे बघत म्हणाली, "मॅडम, ही बॅग दत्तप्रसाद सरांच्या नावावर आहे. सर कुठे आहेत?"

"ते येणार नाहीत," किशोरी म्हणाली.

"मग त्यांची बॅग जाणार नाही. प्रवासी नाही तर त्याचं सामानही नाही, असं आहे ते. ही तुमच्या नावावर घेतली तर नवीन चार्ज लागेल. किलोला साडेपाचशे. चौदा किलोचे..." रियाने बटणं दाबली. "सात हजार सातशे."

"पण पैसे आधीच भरलेत," तन्वी म्हणाली.

"हो, पण ते सरांचे भरलेत."

किशोरीने सवयीने पर्स उघडली आणि दाखल्याची एक प्रत काढून काउंटरवर ठेवली. पण रियाच्या बाजूने कागद उलटा होता, आणि ती मागे उभ्या असलेल्या रांगेकडे बघत होती. तिने तो वाचलाच नाही. "मॅडम, कागद नको. सर उशिरा येणार आहेत का? काउंटर बंद व्हायला अजून पाऊण तास आहे."

तन्वीने आईकडे पाहिलं.  किशोरीला घाई वाटत नव्हती.

"माझे मिस्टर वारले," ती म्हणाली. "फेब्रुवारीत."

वाक्य सरळ बाहेर आलं. अर्जात लिहितात तशा मराठीत आलं. किशोरी ऐकत होती, जणू मागच्या रांगेतलं कुणीतरी बोललं असावं. काहीच झालं नाही. शेजारच्या काउंटरवर कुणाच्या तरी बॅगेला पट्टी लावली गेली.

रियाने आता कागद फिरवून घेतला आणि वाचला. तिचा चेहरा उतरला. तिने उठून मागच्या दारातून आपल्या साहेबाला बोलावलं. साहेबाने कागद वाचला, दोन्ही हात जोडले आणि सांगितलं की वाईट वाटतं, पण एकाचं वजन दुसऱ्याच्या नावावर करायची सोय सिस्टिममध्ये नाही. तिकिटाचे पैसे परत मागता येतील, दाखला जोडून मेल करावा लागेल.

"बरोबर आहे," किशोरी म्हणाली. ती रागावली नव्हती. लॉजच्या काउंटरवर ती लोकांना रोज हेच सांगायची. पुढे जुलैत ते पैसे खात्यात आले, तेव्हा कसले आले म्हणून तिने बँकेत जाऊन विचारलं होतं.

साहेब गेल्यावर रिया काउंटरवरून पुढे वाकली आणि आवाज खाली आणून बोलली. आता तिची बोली बदलली होती, ती मालवणकडचीच असावी.

"ताई, तुमच्या हातात काय काय आसा?"

तन्वीच्या पाठीवरची सॅक चार किलो भरली, किशोरीची पिशवी तीन.

"म्हणजे दोघींका मिळून सात किलो अजून चलतत. ही ट्रॉलीच साडेतीन किलोची आसा. ती ठेवा हंय. अंगावर घातलेल्या कपड्यांचा वजन कोण करणा नाय."

त्यांनी बॅग बाजूला नेऊन जमिनीवर उघडली. बाहेर मे महिन्याचं ऊन होतं. आत गार हवा होती, तरी माणसं हातातल्या कागदाने वारा घेत होती. तन्वीने आपला स्वेटर घातला, त्यावर दुसरा, त्यावर जॅकेट. किशोरीने साडीवर दोन स्वेटर चढवले आणि शाल गुंडाळली. तळाशी दत्तप्रसादसाठी कुडाळहून जानेवारीतच आणलेलं निळं जॅकेट होतं. किशोरीला ते आपण भरल्याचं आठवत नव्हतं.

"ह्या मी ठेवलंय," तन्वी म्हणाली. "थंय लागला तर."

"घाल मगे."

"मी आधीच तीन घातलंय."

किशोरीने शाल काढून पिशवीत कोंबली आणि ते जॅकेट घातलं. बाह्या बोटांच्याही खाली आल्या. दोनदा दुमडल्या तेव्हा हात दिसले. मग तिने लाडवांचा डबा ट्रॉलीत ठेवला, बाकीचं पिशवीत आणि सॅकमध्ये भरलं आणि कॉनरॅडला फोन केला. तो दारापर्यंत आला. काचेपलीकडून त्याने दोघींना त्या कपड्यांत पाहिलं आणि टोपी काढली. पहारेकऱ्याने ट्रॉली बाहेर नेऊन त्याच्या हातात दिली.

"ह्या लक्ष्मीवैनीक देतंय," तो ओरडला.

"डबो तुमी खावा," किशोरीने तितक्याच मोठ्याने सांगितलं. "तिका सांगा नको." त्या दिवशी तिने आवाज चढवला तो एवढाच.

रियाने पुन्हा वजन केलं. अकरा किलो आठशे, दोघींचं मिळून. तिने पास हातात दिले आणि म्हणाली, "बरा."

विमानात किशोरीच्या शेजारी वेंगुर्ल्याच्या तेरेझाबाई होत्या, लेकीकडे दिल्लीला निघालेल्या. सत्तरीच्या होत्या, पण पट्टा त्यांनीच किशोरीला लावून दिला. "बाय, इतक्या गरमीत ह्या काय घातलंस?"

"बॅगेचे पैसे जास्त पडत होते."

"लुटतत मेले." तेरेझाबाई घोटभर पाणी प्यायल्या. "एकटीच?"

"मुलगी आसा. मागे बसलीसा."

"घोव?" त्यांनी नवऱ्याची चौकशी केली.

किशोरीच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता. तिने तो जॅकेटच्या बाहीने पुसला. तेरेझाबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. विमान वर जाऊन पट्ट्याचा दिवा विझल्यावर त्या उठल्या, गुडघा धरत अकरा ओळी मागे गेल्या आणि तन्वीला पुढे पाठवून तिच्या जागेवर जाऊन बसल्या.

तन्वी येऊन बसली. तिचा चेहरा लाल झाला होता. 

"काउंटरवर तू तिका सांगलंस," तन्वी म्हणाली.

"होय."

"माका वाटला तू सांगूची नाय. पैसे भरतलंस आणि गप रवतलंस."

"मीय भरतलंय असाच वाटला होता."

तन्वीने मान हलवली. जॅकेट काढावं का असं तिने विचारलं, आणि दोघींनी एकमेकींच्या बाह्या ओढत जॅकेटं काढली. खालचे स्वेटर घामाने ओले झाले होते.

सिमल्याला त्या दुसऱ्या दिवशी दुपारी पोचल्या. लॉज दत्तप्रसादने फोनवर ठरवला होता, बाजाराच्या वर, एकशे चाळीस पायऱ्या चढून. खोलीत तीन उशा होत्या. किशोरी चपला काढून पलंगावर आडवी झाली ती सकाळपर्यंत झोपली. इतकं ती तीन महिन्यांत झोपली नव्हती. जागी झाली तेव्हा तन्वी न्हाणीघराच्या दारात बसून रडत होती. आवाज न करता, खांदे हलवत.

"काय झाला गो?"

"गरम पाणी येणा नाय," तन्वी म्हणाली. तोंड वाकडं करून तिने पुन्हा तेच सांगितलं, "गरम पाणी येणाच नाय, आये."

किशोरी तिच्याजवळ खाली बसली. तन्वीची पाठ थंडगार लागत होती. किशोरीने हात तिथे तसाच ठेवला. तिला स्वतःला रडू येत नव्हतं. ते येईल याची ती वाट बघत होती असंही नाही. तन्वीचा श्वास थोडा सावकाश झाल्यावर ती उठली, पायात चपला सरकवल्या आणि खाली गेली.

खाली लॉजवालीने तीस रुपयांत एक बादली गरम पाणी दिलं. किशोरीने ती दोन्ही हातांनी उचलली. अरुंद जिन्यावर ती प्रत्येक पायरीला थांबत होती, पाणी सांडू नये म्हणून. वर तन्वी दारात येऊन उभी राहिली आणि दोन पायऱ्या खाली उतरली. तिने बादलीच्या कडीची एक बाजू धरली.